कातडीवरून पारख: न्यूरल नेटवर्क आणि चित्रातला पोत

1966 साली न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनानं फिल ब्रोडॅट्झ या छायाचित्रकाराचा एक अल्बम काढला. गवत, पेंढा, समुद्रकाठची वाळू, झाडाची साल, विटांची भिंत, लोकरी कापड, कमावलेलं कातडं, पाणी, प्लॅस्टिकचे बुडबुडे अशी 112 कृष्णधवल छायाचित्रं त्यात आहेत. कुठल्याच चित्रात अख्खी वस्तू दिसत नाही. दिसतो तो फक्त तिचा पृष्ठभाग, या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला. पुस्तक चित्रकार आणि सजावटकारांसाठी होतं, पण उचललं इंजिनिअरांनी. संगणकाला पोत ओळखायला शिकवलं असं म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं पुढची तीसेक वर्षं याच अल्बमवर परीक्षा दिली. डी-9 म्हणजे गवत, डी-68 म्हणजे लाकडाचे रेषे, डी-94 म्हणजे विटा; हे क्रमांक या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींना पाढ्यांसारखे पाठ आहेत.

पोत हा शब्द आपण कापडाला वापरतो, जमिनीला वापरतो, समीक्षक तर कवितेलाही वापरतात. अर्थ लगेच कळतो, व्याख्या करा म्हटलं की अडतं. संगणकशास्त्रातही सर्वमान्य व्याख्या आजतागायत झालेली नाही. कामापुरतं एवढं म्हणता येईल की एका पिक्सेलला रंग असतो, उजेड असतो, पण पोत नसतो. पोत असतो तो शेजाराचा. कोण कोणाशेजारी बसलं आहे, किती वेळा आणि किती अंतरानं, यातून तो तयार होतो. शिवाय तो अंतरावर अवलंबून असतो. पिंपळाचं एक पान हातात घेतलं तर तो आकार, आणि विमानातून खाली दिसणारं सह्याद्रीचं रान म्हणजे पोत.

या शेजाराचा हिशेब कसा ठेवायचा, हाच या विषयातला साठ वर्षांचा वाद आहे. न्यूरल नेटवर्क त्यात बरंच उशिरा आलं, आणि आल्यावर त्यानं प्रश्नच उलटा केला.

सुरुवात यंत्रापासून झाली नाही, माणसाच्या डोळ्यापासून झाली. बेला युलेस हा मूळचा बुडापेस्टचा. 1956 साली हंगेरी सोडून तो अमेरिकेत आला आणि बेल लॅबमध्ये रुजला. दोन पोत शेजारीशेजारी ठेवले तर ते वेगळे आहेत हे न मोजता, न शोधता, क्षणात कसं कळतं, हा त्याचा प्रश्न. 1962 पासून तो एक अंदाज लढवत होता. ठराविक अंतरावर, ठराविक दिशेला, काळ्याशेजारी काळा किती वेळा येतो आणि पांढरा किती वेळा, असा ठिपक्यांच्या जोड्यांचा हिशेब मांडायचा. तो दोन पोतांत सारखा निघाला, तर बघताक्षणी डोळ्याला त्यांत फरक कळणार नाही. अंदाज चुकला. तो खोटा पाडणारी उदाहरणं सत्तरच्या दशकात युलेसनं स्वतःच सहकाऱ्यांबरोबर शोधून छापली. आपलाच सिद्धान्त आपल्याच हातानं मोडणारे शास्त्रज्ञ फार नसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण जोड्या मोजण्याची कल्पना टिकली. 1973 साली रॉबर्ट हॅरालिक, के. शण्मुगम आणि इट्सहाक डाइनस्टाइन यांनी तिला कोष्टकाचं रूप दिलं. करड्या रंगाची एक छटा दुसरीच्या शेजारी किती वेळा येते ते कोष्टकात मांडायचं आणि त्यातून 14 मापं काढायची. त्यांनी वालुकाश्माच्या पाच जातींची सूक्ष्मदर्शकातली चित्रं, हवाई छायाचित्रं आणि उपग्रहाची चित्रं अशा तीन ढिगांवर ही रीत चालवली. अचूकता अनुक्रमे 89, 82 आणि 83 टक्के निघाली. कॅन्सरच्या गाठींच्या स्कॅनवर काम करणारे लोक आजही ही मापं काढतात. पन्नास वर्षं टिकलेली रीत आहे ही, आणि तिच्यात न्यूरल असं काहीही नाही.

दुसरी टिकाऊ रीत फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातली. टिमो ओयाला, मत्ती पिएतिकायनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नव्वदच्या दशकात घडवली. ती हातानं करून बघण्यासारखी आहे. वहीत नऊ घरांचा चौकोन काढा. मधल्या घरात 90 लिहा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे भोवतीच्या आठ घरांत 120, 95, 80, 60, 40, 85, 100, 130 लिहा. हे उजेडाचे आकडे, 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. आता प्रत्येक शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तू मधल्याइतका किंवा त्याहून उजळ आहेस का? हो असेल तर 1, नसेल तर 0. उत्तर येतं 1, 1, 0, 0, 0, 0, 1, 1. त्यांना ओळीनं 1, 2, 4, 8, 16, 32, 64, 128 असे भाव लावा आणि बेरीज करा. 1, 2, 64 आणि 128 मिळून 195. सगळ्या चित्रावर हा चौकोन सरकवत न्यायचा आणि 0 ते 255 मधला कुठला आकडा किती वेळा आला त्याची यादी करायची. ती यादी म्हणजे त्या पोताची ओळख.

खरी गंमत पुढे आहे. खोलीतला दिवा वाढला असं समजा आणि नऊही घरांत 30 मिळवा. आकडा 195च राहतो, कारण आपण उजेड मोजलाच नव्हता, फक्त कोण कोणापेक्षा उजळ तेवढं विचारलं होतं. कापड फिरवलं की मात्र आकडा बदलतो. त्यावर 2002 साली तोडगा आला: आठ आकड्यांची माळ गोल फिरवायची आणि त्यातली सर्वात लहान संख्या धरायची. आपल्या उदाहरणात ती 15 येते. एखाद्या हुशार मुलाला दुपारभरात समजेल इतकं हे सोपं आहे, आणि अनेक वर्षं ते महागड्या रीतींच्या तोडीस तोड चाललं.

तिसरा पंथ चाळण्यांचा. चित्र वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळायचं. एक उभ्या रेघा पकडते, एक तिरक्या, एक बारीक ठिपके. कुठल्या चाळणीत किती माल अडकला त्यावरून पोत ठरवायचा. यातल्या बऱ्याच चाळण्यांना डेनिस गॅबरचं नाव आहे. थॉमस ल्युंग आणि जितेंद्र मलिक यांच्या 2001 सालच्या संचात 48 चाळण्या होत्या. पण त्या निवडल्या माणसानं, अनुभवानं आणि थोड्या अंदाजानं. त्याच्याही आधी, 1996 साली, अनिल जैन आणि कॅले कारू यांनी सरळ विचारलं होतं की चाळण्या नेटवर्कलाच घडवू दिल्या तर? जैन कानपूरच्या आयआयटीचे, पुढे मिशिगन स्टेटमध्ये प्राध्यापक. त्यांच्या नेटवर्कला मापं काढून दिली नव्हती, कच्चे पिक्सेल दिले होते, आणि चाळण्या त्यानं उदाहरणांवरून स्वतः बनवल्या. आज ज्याचा गाजावाजा चालतो ते बीजरूपानं या निबंधात आहे. संगणक दुबळे होते आणि चित्रं थोडी होती, म्हणून तेव्हा त्याचा फारसा बोलबाला झाला नाही.

चित्रं थोडी होती, याकडे जरा थांबून बघायला हवं. ब्रोडॅट्झच्या अल्बममध्ये प्रत्येक पोताचं एकच छायाचित्र आहे. संशोधक त्याचे सोळा तुकडे करत, आठ शिकवायला आणि आठ तपासायला. म्हणजे एकाच पेपरातले निम्मे प्रश्न घरी सोडवून घ्यायचे आणि उरलेले निम्मे परीक्षेत विचारायचे. उजेड तोच, कॅमेरा तोच, वाळूचा ढीगही तोच. अशा परीक्षेतले 98-99 टक्के फार गांभीर्यानं घेऊ नयेत असं माझं मत आहे, आणि ते घेतले गेले याचं आश्चर्यही वाटतं.

हळूहळू परीक्षा कडक झाली. 1999 सालच्या क्युरेट संग्रहात 61 पदार्थ आहेत आणि प्रत्येकाची 205 चित्रं, उजेडाची आणि बघण्याची दिशा बदलत घेतलेली. पण ती सगळी प्रयोगशाळेत घेतलेली आहेत. 2009 साली एमआयटीमधल्या लावण्या शरण, रूथ रोझेनहोल्ट्झ आणि एडवर्ड एडलसन यांनी फ्लिकर या संकेतस्थळावरून लोकांनी काढलेली चित्रं निवडली. कापड, काच, चामडं, लाकूड, पाणी असे दहा पदार्थ, प्रत्येकी 100 चित्रं. इथे यंत्रं उघडी पडली. माणसं 85 टक्क्यांच्या आसपास बरोबर होती, तर 2013 सालापर्यंतची चांगली रीतही 57 टक्क्यांवर अडली. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास रीतींपेक्षा परीक्षांच्या कडकपणात जास्त आहे.

2014 साली ऑक्सफर्डमधून आणखी एक संग्रह आला, त्याची घडण वेगळी आहे. पदार्थांची नावं सोडून त्यांनी पोताची विशेषणं घेतली: 47 शब्द आणि प्रत्येकाची 120 चित्रं, एकूण 5640. पट्टेदार, जाळीदार, खवल्यांचं, सुरकुतलेलं, भेगाळलेलं, चुणीदार, आणि हो, कोयरीसुद्धा. शब्द अर्थातच इंग्रजी. मराठीत अशी यादी करायला बसलो तर पहिल्यांदा काय सुचतं ते बघा: खरखरीत, भुसभुशीत, रवाळ, मऊसूत, चिवट, गुळगुळीत. यातले बहुतेक शब्द हाताचे किंवा जिभेचे आहेत, डोळ्याचे नाहीत. कापड दुकानात आपण दोन बोटांत चोळूनच बघतो. कॅमेऱ्याला बोटं नाहीत, आणि चित्रावरून पोत ओळखण्याची निम्मी अडचण तिथेच आहे.

आता न्यूरल नेटवर्क. 2012 साली अॅलेक्सनेट नावाच्या नेटवर्कनं इमेजनेटची स्पर्धा मोठ्या फरकानं जिंकली. बारा लाखांवर चित्रं, 1000 वर्ग; कुत्र्याच्या जाती, कप, बस, मशरूम. पोताचा तिथे कुणी विचारही केला नव्हता. पण त्याच्या पहिल्या थरातल्या 96 चाळण्या छापून बघितल्या, तर त्यांतल्या कितीतरी गॅबरच्या चाळण्यांसारख्या निघाल्या. कुणी शिकवलं नसताना यंत्र त्याच वाटेनं गेलं होतं.

मग मिर्चा चिंपोई, सुभ्रांशू माजी आणि आंद्रेया वेदाल्दी यांनी 2015 साली एक काटकसरीचं काम केलं. वस्तू ओळखायला शिकलेलं नेटवर्क घेतलं, त्याचे शेवटचे, 'हा कुत्रा, हा कप' असा निकाल देणारे थर काढून टाकले, आणि मधल्या थरांतल्या चाळण्यांचा माल कुठून आला हे न बघता एकत्र ओतला. पोताला जागा नसते. वाळू वरच्या कोपऱ्यात असो की खालच्या, ती वाळूच. ही 'जागा विसरण्याची' युक्ती लागू पडली. फ्लिकरच्या त्या दहा पदार्थांवर अचूकता 79.8 टक्क्यांवर गेली. 57 पासून इथपर्यंत दोन वर्षं लागली, आणि माणूस अजून पाचेक टक्के पुढे होता.

त्याच वर्षी जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये लिऑन गॅटिस, अलेक्झांडर एकर आणि मॅथियस बेथगे यांनी उलट्या दिशेनं प्रयोग केला. नेटवर्कला पोत नुसता ओळखायला न लावता नव्यानं विणायला लावला. कोणती चाळणी कोणत्या चाळणीबरोबर एकाच वेळी भरते याचं कोष्टक त्यांनी मूळ चित्रावरून काढलं आणि कोष्टक तेच येईल असं नवं चित्र तयार केलं. खडे, विटा, फुलं नव्यानं विणून आली, जवळजवळ अस्सल वाटावीत अशी. हॅरालिकनं पिक्सेलच्या जोड्या मोजल्या होत्या, गॅटिसनं चाळण्यांच्या जोड्या मोजल्या. युलेसची जोड्यांची कल्पना सपशेल चूक नव्हतीच, मोजायचा माल कच्चा होता, असं हे काम वाचताना मला वाटतं. पुढे या कोष्टकांतूनच मोबाइलवरची 'फोटोचं व्हॅन गॉख करा' छापाची करमणूक निघाली.

आणि मग प्रश्न उलटला. 2018 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नेटवर्कपुढे चहाची किटली ठेवली, पण तिच्या अंगावर गोल्फच्या चेंडूचा पृष्ठभाग चढवून. नेटवर्क म्हणालं, गोल्फचा चेंडू. ट्युबिंगेनच्याच रॉबर्ट गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर केलं. मांजराचा आकार, अंगावर हत्तीची कातडी. माणसं अशा चित्रांत 95.9 टक्के वेळा आकाराच्या बाजूनं कौल देतात. इमेजनेटवर शिकलेल्या रेझनेट-50 या नेटवर्कनं आकाराला कौल दिला जेमतेम 22 टक्के वेळा. बाकीच्या वेळी त्याला हत्तीच दिसला. बरीच वर्षं आपण समजत होतो की ही यंत्रं कान, शेपूट, पाय जुळवून मांजर ओळखतात. ती कातडीवरून पारख करत होती.

याच गटातल्या व्हीलांड ब्रेंडेल आणि बेथगे यांनी 2019 साली आणखी खोचक पुरावा दिला. चित्राचे 33 पिक्सेल रुंद चौकोनी तुकडे घ्यायचे, ते कुठून कापले हे विसरायचं, फक्त प्रत्येक तुकडा कशाच्या बाजूनं मत देतो ते मोजायचं. एवढ्या आंधळ्या रीतीनंही इमेजनेटवर पहिल्या पाच अंदाजांत बरोबर उत्तर 87.6 टक्के वेळा आलं. म्हणजे त्या सुप्रसिद्ध परीक्षेत आकार कळण्याची फारशी गरजच नव्हती. पुन्हा परीक्षेचाच दोष.

हा कल येतो कुठून? कॅथरीन हरमन आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवलं की बराचसा शिकवण्याच्या पद्धतीतून येतो. शिकवताना चित्राचा कुठलाही तुकडा कापून देण्याची पद्धत आहे. कधी नुसती पाठ दिसते, कधी नुसता कान. आकार पुरता दिसतच नाही, मग यंत्र कातडीवर भिस्त ठेवतं. गाइरहोसच्या गटानं चित्रांचे पोत मुद्दाम रंगाऱ्याच्या शैलींनी बदलून त्याच नेटवर्कला शिकवलं, तेव्हा आकाराचा कौल 81 टक्क्यांवर चढला. पुढच्या पिढीतल्या ट्रान्सफॉर्मर जातीच्या नेटवर्कमध्ये हा कल आणखी सरकला. गूगलच्या 2023 सालच्या 2200 कोटी पॅरामीटरच्या नेटवर्कनं 87 टक्के वेळा आकार निवडला.

रस्त्यावरची गाय ओळखायची असेल तर ही सुधारणा. पण ज्याला पोतच बघायचा आहे त्याचं काय? त्याला हा 'दोष' हवाच आहे. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये काही आजार आकारात दिसत नाहीत, विणीत दिसतात: कुठे जाळी, कुठे मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं, कुठे धुरकट काच. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या गटानं 2016 साली 120 स्कॅनमधून घेतलेल्या 14,696 तुकड्यांवर एक छोटं नेटवर्क शिकवलं. सात प्रकारांत त्याची अचूकता साधारण 85.5 टक्के आली.

आपल्याकडे या विषयाची सर्वात सरळ गाठ पडते ती इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इथल्या मागांशी. कापड तपासणीचं टेबल ज्यानं बघितलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तिरकी काच, मागे ट्यूबलाइट, वरून सरकणारं कापड आणि त्यावर खिळलेले दोन डोळे. उभा धागा तुटला आणि माग थांबला नाही, तर मीटरच्या मीटर बारीक फट चालत राहते. फोर पॉइंट पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. गुण जास्त झाले की माल परत. आठव्या तासाला डोळे थकतात, तेव्हा काय निसटतं ते गिऱ्हाईक सांगतं.

यंत्राची इथली अडचण अशी की दोष दुर्मीळ असतात आणि दर वेळी नवे असतात. शिकवायला उदाहरणं जमत नाहीत. म्हणून आता फक्त निर्दोष माल दाखवून शिकवतात आणि 'हे नेहमीसारखं दिसत नाही' एवढंच यंत्रानं सांगायचं. म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीचा 2019 सालचा संग्रह याच बेतानं केलेला आहे. 15 प्रकार, 5354 चित्रं, त्यातले पाच प्रकार पोताचे: गालिचा, जाळी, चामडं, फरशी, लाकूड. त्यावर आता 99 टक्क्यांच्या पुढचे आकडे छापून येतात, आणि तेही कुत्र्या-कपांवर शिकलेल्या चाळण्या वापरून. हा संग्रहही स्थिर कॅमेऱ्याखाली, नीट उजेडात काढलेला आहे, हे आकडा वाचताना विसरू नये.

शिवाय एक साधं गणित. इंचाला 100 उभे धागे असलेलं बारा इंच रुंद कापड एका चित्रात घेतलं, तर त्यात 1200 धागे आले. एकेक धागा सुटा दिसायला त्याच्या वाट्याला किमान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे रुंदी किमान 2400. आयती मिळणारी बरीच नेटवर्कं चित्र 224 पिक्सेलवर आणून मगच बघतात. एका पिक्सेलमध्ये पाचांहून जास्त धागे दाबले गेले की तुटलेला धागा नेटवर्कपर्यंत पोचतच नाही. उलट नसलेल्या लाटा दिसू लागतात. बारीक चौकड्यांच्या शर्टाचा मोबाइलवर फोटो काढून बघा, त्या लाटा तुमच्या शर्टात नसतात. कापडाचं चित्र लहान न करता तुकड्यातुकड्यांनी दाखवणं हा यावरचा उपाय आहे, आणि तो कुठलंही नवं नेटवर्क विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

तेव्हा कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुणी हे काम हातात घेणार असेल, तर नेटवर्क कोणतं हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिव्याखाली, वेगवेगळ्या मागांवरच्या ताग्यांचे फोटो जमवा. आणि ज्या ताग्यावर यंत्राला शिकवलं, त्यातला एक वीतभर तुकडाही तपासणीसाठी वापरू नका.